चाळीस मिनिटांचं पाणी

पाण्याच्या दिवशी मी सकाळपासून कुणाशी धड बोलत नसे. नवरा म्हणायचा, आज बाईंशी काम असेल तर अर्ज करा, सही-शिक्क्यानं. त्याला चेष्टा सुचायची, कारण तो सातला चिकलठाण्याच्या कारखान्यात निघून जायचा आणि परत येईपर्यंत घरातली भांडी भरलेली असायची. ती कशी भरली हे त्याला कधी बघावं लागलं नाही.

आमची गल्ली उताराची. मधोमध सिमेंटचं चेंबर आणि त्यात एक व्हॉल. तो उघडा असला की सगळं पाणी उतारानं खाली धावायचं आणि वरच्या नळांतून नुसती हवा फुसफुसायची. तो बंद केला की पाणी नाइलाजानं वर चढायचं. वर बारा घरं, बहुतेक आमची, म्हणजे हिंदूंची. खाली चौदा, बहुतेक मुसलमानांची. हे कुणी आखून दिलेलं नव्हतं, होत होत झालं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पाणी रोज यायचं आणि वरचे कोण, खालचे कोण, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मग एक दिवसाआड झालं, मग चौथ्या दिवशी, मग आठव्या. पाणी जसजसं लांब गेलं, तसतशी गल्ली दोन होत गेली.

एकदा त्या चेंबरवर एकीनं दुसरीच्या कपाळात कळशी घातली. सात टाके पडले. कुणाच्या कपाळात, ते सांगत नाही. दोघी अजून इथंच राहतात. पोलीस आले, दोन्हीकडची माणसं जमली, आणि पाण्याचं भांडण पाण्याचं राहीना. त्या संध्याकाळी खालच्या पहिल्या घरातले चाचा मध्ये पडले. ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या वेळेवर सोडण्यात सगळी नोकरी गेलेली. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर चाचाच म्हणायची. त्यांनी चेंबरवर उभं राहून नियम सांगितला.

एका पाण्याला वरचे आधी, पुढच्या पाण्याला खालचे आधी. जे आधी, त्यांना चाळीस मिनिटं. मग व्हॉल फिरवायचा आणि उरलेलं पाणी दुसऱ्यांचं. ज्यांचं पाणी चालू, त्यांच्या माणसाच्या हातात घड्याळ. जे वाट बघतायत, त्यांच्या माणसाच्या हातात चावी. घड्याळवाल्यानं 'झालं' म्हटल्याशिवाय चावी फिरवायची नाही, आणि 'झालं' म्हटल्यावर एक क्षण थांबायचं नाही. दोघांनी पाणी संपेपर्यंत समोरासमोर उभं राहायचं.

माझे सासरे म्हणाले, "एवढं कशाला? जरा एकमेकांवर भरोसा ठिवा की."

चाचा म्हणाले, "दादा, निजामाचं राज गेलं त्या पोलिस अॅक्शनच्या साली मी बारा वर्साचा व्हतो. भरोसा लई व्हता तवा, नियम एकबी नव्हता. चार दिवसांत कुठं गेला कळलं नाय. आता उलटं करून बघू. आधी नियम पाळू, भरोसा येतो का ते बघू."

पहिली काही वर्षं ते आणि माझे सासरे चेंबरवर उभे राहिले. दोघांचे गुडघे गेल्यावर काम सुनांवर आलं. वरून मी, खालून त्यांची सून. मी तिला आपा म्हणायची, ती मला बाई, कारण मी शाळेत शिकवायची. दर पाण्याला आम्ही दोघी त्या लोखंडी झाकणाच्या दोन बाजूंना उभ्या. घड्याळ आमच्या घरचं, जुनं गजराचं, किल्लीचं. चावी म्हणजे हातभर लांब लोखंडी दांडा. पाळीप्रमाणं त्यांची अदलाबदल व्हायची.

मैत्रिणी वगैरे आम्ही नव्हतो. उगीच गोड लिहायची मला सवय नाही. ती कुजकं बोलायची आणि मी तर प्रसिद्धच होते.

"बाई, घड्याळाला किल्ली दिली ना? का तुमच्यावानी तेबी रुसलंय?"

"घड्याळ नीट आहे. तुम्ही दम धरा."

"आठ दिवस तोच धरलाय. हंड्यात भरून ठेवलाय दम."

असं वीसेक वर्षं चाललं. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही माझ्या 'झालं'वर शंका घेतली नाही, मीही तिच्या घेतली नाही. त्यात काही मोठेपणा आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी ते मोडलं, तेव्हा कळलं.

त्या उन्हाळ्यात मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. बाळ वीस दिवसांचं. दुपट्यांचा ढीग, घरात पाहुणे, आणि नेमका पाईप फुटून पाणी दोन दिवस लांबलेलं. पाणी आलं, वरच्यांची पाळी आधी होती, घड्याळ माझ्याकडं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा वरून मुलीनं हात हलवून खुणावलं, ड्रम अर्धाच भरलाय. मी घड्याळ पदराखाली धरलं आणि गप्प राहिले.

आपा चावी टेकवून उभी होती. गल्लीमागच्या शाळेची मधली सुट्टी पाणी आलं तेव्हाच सुरू झाली होती. सुट्टी अर्ध्या तासाची, हे गल्लीत सगळ्यांना पाठ. ती संपून पोरांचे पाढे सुरू झाले, पाढेही संपले. आपानं एकदा शाळेकडं पाहिलं, एकदा माझ्या पदराकडं. पन्नास मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, "झालं." ती वाकली आणि चावी फिरवली. त्या दिवशी खालच्यांना जेमतेम पाव तास पाणी मिळालं.

ती भांडली असती तर मी दुप्पट भांडले असते आणि मोकळी झाले असते. ती भांडली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं. पुढच्या पाण्यापासून मी तिच्याकडं सरळ बघेना. तिनंही टोमणे मारणं बंद केलं. नुसतं "झालं" आणि चावीचा खडखडाट.

त्याच दिवसांत गावातली हवा बिघडली. चौकात कसल्याशा फलकावरून दगडफेक झाली, दोन दिवस दुकानं बंद राहिली. आमच्या वरच्या टोकाला कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. अडीअडचणीला धावणारा माणूस. ते अर्ज घेऊन घरोघर फिरू लागले: वरच्या घरांना महापालिकेनं वेगळी लाईन द्यावी. "त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला," ते म्हणाले. "रोजची कटकट नको. आणि ह्या दिवसांत तुम्ही बाईमाणूस एकट्या चेंबरवर उभ्या राहता, बरं दिसतं का?"

मी सही केली. पहिलीच. मी घड्याळवाली, माझी सही वर पाहिजे असं भाऊंचं म्हणणं. मला खालच्यांची भीती वाटली म्हणून नाही केली. वेगळी लाईन आली की आपासमोर उभं राहावं लागणार नाही, सुंठेवाचून खोकला जाईल, म्हणून केली. शरमेनं केलेली सही आणि द्वेषानं केलेली सही कागदावर सारखीच दिसते, हे मला शिक्षिका असून सुचलं नाही.

पावसाळा कोरडा गेला. एका पहाटे कंट्रोलर चाचा गेले.

पाणी येऊन त्या दिवशी दहा दिवस झाले होते. गावात पुन्हा तणाव, दुपारी मोर्चा निघणार होता. पोलिसांनी घरी येऊन सांगितलं, एकच्या आत जनाजा काढा, नंतर चौक बंद होईल. मी सकाळीच जाऊन आले. मशिदीच्या बोअरचं पाणी होतं, माझ्या घरचं अर्धं टिपाड होतं. मी आपाला म्हटलं, पाठवून देते. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"अब्बांचं तुम्हाला ठाऊक हाय," ती म्हणाली.

ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चाचा चेंबरवर बसून कितीदा तरी म्हणायचे, मला टँकरच्या नाय तर कुणाच्या उसन्या पाण्यानं न्हाऊ घालू नका. आपल्या पाळीच्या पाण्यानं घाला. जिंदगी रांग लावण्यात गेली, शेवटची अंघोळबी रांगेतलीच पायजे. आम्ही हसायचो.

पाणी सव्वाअकराला आलं. आणि पाळी वरच्यांची आधी होती.

मी घड्याळ घेऊन खाली आले. आपा चावी घेऊन आली. डोळे सुजलेले, डोक्यावर पांढरी ओढणी. मला वाटलं होतं ती आज दुसऱ्या कुणाला पाठवेल. खाली तिच्या दारात माणसं उभी होती, आत मय्यत, आणि न्हाणीतल्या नळाखाली रिकामी बादली ठेवून तिचा नवरा थांबला होता. वरच्या दारांतही माणसं होती. भाऊ उंबऱ्यातून म्हणाले, "बाई, पूर्ण चाळीस हां. अकरावा दिवस उजाडलाय. पुन्हा पाणी कधी येईल भरोसा नाही." त्यांचंही खोटं नव्हतं.

मी मनात हिशेब घातला. चाळीस मिनिटं म्हणजे पाच कमी बारा. मग पाणी खाली जाणार. मग अंघोळ, कफन, नमाज, आणि एकच्या आत चौक ओलांडायचा. त्यातून पाणी मध्येच बंद झालं तर काहीच नाही. मागच्या दोन पाण्यांना ते पाऊण तासातच आटपलं होतं.

वीस मिनिटं झाली. मी म्हटलं, "झालं."

आपा हलली नाही.

"आपा, झालं म्हणते ना. फिरवा."

तिनं माझं मनगट धरलं आणि घड्याळ स्वतःकडं वळवलं. "वीस झाले, बाई."

"मला कळतंय. तुम्ही फिरवा, वरच्यांचं मी बघून घेते."

ती हळू आवाजात बोलली, वर-खाली कुणाला ऐकू जाणार नाही असं. "उन्हाळ्यात दहा जास्त. आज वीस कमी. तुमच्या घड्याळाला मी काय समजू?"

इतके महिने तिनं ते पोटात ठेवलं होतं आणि काढलं ते आज, सासऱ्याचं प्रेत घरात असताना. मला तिचा राग आला. खरंच आला. मी चांगुलपणा करायला निघाले होते आणि ही बाई मला माझी चोरी दाखवत होती. मग रागाच्या मागून शरम आली.

"आपा, पाणी गेलं तर?"

"जाऊ द्या. मग तुमच्याकडचं टिपाड आणीन." तिनं माझं मनगट सोडलं. "पण अब्बांना चाळीस पायजेत. खरे. आता घड्याळ मला दाखवू नका. तुम्ही बघा, तुम्ही सांगा. मी बघणार नाय."

आणि ती माझ्याकडं पाठ करून चेंबरच्या तोंडाशी बसली, चावी व्हॉलवर चढवून.

ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. एकदा वाटलं काटा पुढं ढकलावा, एकदा वाटलं तो थांबलाय. तिसाव्या मिनिटाला चाचांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, चेंबरकडं बघितलं, परत आत गेला. चौकातून पोलिसांच्या गाडीचा भोंगा आला. पस्तिसाव्या मिनिटाला वरून गटारीतून स्वच्छ पाण्याचा ओघळ उतरत माझ्या पायाशी आला. भाऊंची टाकी भरून वाहत होती. मी वर बघून ओरडले, "नळ बंद करा! पाणी वाया चाललंय, दिसत नाही का?" ते धावत आत गेले. आपानं त्या ओघळाकडं पाहिलं आणि नजर पुन्हा चावीवर ठेवली. सदतिसाव्याला व्हॉलमधला घरघराट बदलला. पाण्याचा जोर कमी व्हायला लागला की तसाच आवाज येतो. आम्हा दोघींना तो पाठ होता. तिची बोटं दांड्यावर घट्ट झाली. मी ओठ दाबून धरले. सदतीस. अडतीस. दोन मिनिटं आधी बोलून मी पुण्य मिळवू शकत होते आणि तेच तिनं माझ्याकडून काढून घेतलं होतं.

काटा चाळिसावर आला.

"झालं."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. घड्याळ बघितलं नाही. साडेतीन फेरे, एका दमात. खाली न्हाणीतला नळ आधी खोकला, मग बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. कुणीतरी आतून "बिस्मिल्ला" म्हटलं. पाणी अठरा मिनिटं राहिलं. चाचांपुरतं झालं, आणि खालच्या चार-पाच घरांना हंडाभर मिळालं.

जनाजा एकला दहा कमी असताना वरच्या टोकाकडून निघाला, कारण कब्रस्तानचा रस्ता तिकडून. आमच्या दारांवरून गेला तेव्हा भाऊ चप्पल काढून पुढं झाले आणि चौकापर्यंत खांदा दिला. अर्ज अजून त्यांच्याच कपाटात होता.

तिसऱ्या दिवशी मी आपाकडं गेले. बायका उठून गेल्यावर तिला म्हटलं, "उन्हाळ्यात मी दहा मिनिटं चोरली."

"हौ. मालूम हाय."

"अजून एक आहे. वेगळ्या लाईनीच्या अर्जावर माझी सही आहे. पहिली."

ती पानदान पुसत होती. पुसत राहिली. "तेबी मालूम हाय. भाऊ अब्बांकडं आले व्हते अर्ज घेऊन, तुमचीबी संमती द्या म्हणून. अब्बांनी चष्मा लावून सगळा वाचला. तुमचं नाव बघितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाईंनी केलीय ना सही, मग इचार करूनच केली असंल. आणि संमती द्यायला पेन मागितला." तिनं पानदान बाजूला ठेवलं. "मीच नाय दिला. उन्हाळ्यातलं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं मी. तुमच्यावर लई भरोसा व्हता त्यांचा."

मी तिथं रडले. माझ्या सासऱ्यांसाठीसुद्धा मी एवढी रडले नव्हते. तिनं माझी समजूत काढली नाही. रडू दिलं, मग चहा दिला.

घरी जाण्याआधी मी भाऊंकडं गेले आणि अर्ज मागून माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. ते चिडले. "एका सहीनं काय अडणार आहे, बाई?" म्हणाले. नसेल अडणार.

पुढचं पाणी नवव्या दिवशी आलं. पाळी खालच्यांची आधी. घड्याळ आपाच्या हातात, चावी माझ्या. तिनं घड्याळ पदराखाली धरलं नाही. माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांपुढं धरलं. आम्ही दोघी त्या तबकडीकडं बघत उभ्या. तीस झाले. चाळीस झाले. मी चावीवर वाकले आणि थांबले.

ती 'झालं' म्हणाली नाही.

एक्केचाळीस. बेचाळीस. मी मान वर करून बघितलं. ती सरळ माझ्याकडं बघत होती, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मी नजर चुकवली नाही. तेव्हा मला समजलं आणि मी चावीला रेलून उभी राहिले. वरून हाका सुरू झाल्या. "बाई, झाली की चाळीस!" भाऊ तरातरा उतरून आले, मागून आणखी चौघे. "हे काय चाललंय? बघा, बघा, म्हणून मी म्हणत होतो वेगळी लाईन! चावी द्या इकडं!"

त्यांनी दांड्याला हात घातला. मी सोडला नाही. खालच्या दारांतूनही माणसं बाहेर आली होती. आपाच्या ओठांवर घाम होता, पण घड्याळ धरलेला हात हलत नव्हता. तिनं एक शब्द बोलून मला सोडवलं असतं किंवा एक शब्द बोलून सगळं सांगितलं असतं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. ते माझ्यावर ठेवलं.

"उन्हाळ्यात आपल्या पाळीला मी पन्नास मिनिटं घेतली होती," मी मोठ्यानं म्हटलं, वर आणि खाली दोन्हीकडं ऐकू जाईल असं. "घड्याळ लपवून. नातवाच्या दुपट्यांसाठी. ती दहा मिनिटं ह्यांची होती. आज परत जातायत."

भाऊंचा हात दांड्यावरून निघाला. मी इतकी वर्षं ज्यांच्या मुलांना खरं बोलायला शिकवलं, ते सगळे माझ्याकडं बघत होते. उरलेली मिनिटं तशीच गेली.

"झालं," आपा म्हणाली.

मी चावी फिरवली. ती घड्याळ मला परत देताना कानाशी धरून म्हणाली, "किल्ली द्या बाई ह्याला. मंद चालायलंय."